अर्जदार बसल्याशिवाय सुनावणी नाही

माझे बाबा भंडाऱ्याला तीनदा गेले आणि तिसऱ्यांदा तिथं हजर असून गैरहजर ठरले.

तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा झाला नव्हता. कोणताही कागद हवा असेल तर भंडारा गाठावा लागे. बाबा गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये हमाली करायचे आणि आई घरी विड्या वळायची. आमचं गाव बिरसीच्या बाजूला. घर होतं, पण घराच्या जागेचा कागद नव्हता. मागची भिंत पावसात बसली तेव्हा बाबांनी नवी उभारायला घेतली, तर शेजारचा म्हणाला, "आधी कागद दाखव, मंग भिंत बांध." म्हणून बाबांनी अर्ज केला.

तारीख निघाली की बाबा भाताचा डबा आणि जवसाची चटणी घेऊन पहाटेच्या पॅसेंजरनं निघायचे. त्या दिवसाची हमाली बुडायची. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या खेपेला फाईल सापडली नाही. तिसऱ्या खेपेला साहेब होते, फाईलही होती. बाबा सकाळपासून व्हरांड्यात उभे होते. तिथं बाक होता, पण साहेबाच्या दारासमोर बाकावर बसायचं कसं, म्हणून उभेच राहिले. दुपारी घशाला कोरड पडली म्हणून नळावर गेले, तेवढ्यात नाव पुकारलं गेलं. धावत परत आले तर रजिस्टरात 'गैरहजर' लिहून झालं होतं.

"मी आहो ना जी," बाबा म्हणाले. मिशा अजून ओल्या होत्या.

"आता आहेस. तेव्हा नव्हतास," शिपाई म्हणाला.

अर्ज निकाली निघाला. नवा अर्ज करून कागद हातात यायला आणखी चार वर्षं गेली. तोवर मागच्या भिंतीच्या जागी ताडपत्री होती, आणि त्या ताडपत्रीला पाठ लावून मी दहावी केली, बारावी केली. पुढं गोंदियाला कॉलेजात जाऊन बी.ए. झाले. आमच्या घरातच नाही, आमच्या आख्ख्या गल्लीत कॉलेज पाहिलेली मी पहिली. हे मी मुद्दाम लिहिते. मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

१९९९ साली गोंदिया जिल्हा झाला. त्यानंतर काही वर्षांनी मी जिल्हा कचेरीत लिपिक म्हणून लागले. माझी बाकीची नोकरी इथं सांगत बसत नाही, आवक-जावक सगळीकडं सारखीच असते. सांगण्यासारखी गोष्ट आहे ती व्हीसीच्या खोलीची.

व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स. आता शाळेतल्या पोरांनासुद्धा ते नवं नाही, पण आमच्याकडं ते आलं तेव्हा लोक खोलीच्या दारातून डोकावून पाहायचे. एक मोठा टीव्ही, त्याच्या डोक्यावर कॅमेरा, टेबलावर माइक, आणि सगळ्याला जोडणारा एक काळा डबा. तो डबा तापला की त्याला पंखा लावावा लागे. आधी त्यावर फक्त मोठे साहेब मुंबईच्या साहेबांशी बोलायचे. मग दोन हजार दहाच्या पुढं-मागं तहसील कचेऱ्यांतही तसेच संच बसले, आणि आमच्या तेव्हाच्या जिल्हाधिकारी साहेबांनी ठरवलं की महिन्याची जनसुनावणी यावर घ्यायची. जिल्ह्याच्या टोकाच्या माणसानं दोन बस बदलून, दिवस मोडून गोंदियाला यायचं कशाला? त्यानं आपल्या तहसीलला यावं आणि पडद्यावरून साहेबांशी बोलावं.

मला हे ऐकून इतका आनंद झाला की मी स्वतः होऊन त्या खोलीचं काम मागून घेतलं.

पहिली सुनावणी दूरच्या एका तहसीलची होती. तिकडं संच सांभाळायला बिसेन नावाचे ऑपरेटर होते. मोठा हिकमती माणूस. घरी पोवारी, ऑफिसात हिंदी आणि रागावले की झाडीबोली. लाइन लागली, तिकडच्या टीव्हीवर साहेब दिसले, आणि त्याबरोबर तिकडची सगळी माणसं उठून उभी राहिली. कॅमेरा खुर्चीच्या उंचीला लावलेला. आमच्या पडद्यावर एका ओळीत आठ-दहा पोटं दिसायला लागली. धोतराची, शर्टाची, एक लुगड्याचं.

"बसा, बसा," साहेब म्हणाले.

कोणी बसेना. साहेब समोर असताना बसायचं कसं? बिसेन भाऊंचा आवाज आला, "अरे बैठो ना बाप्पा! साहेबाले तुमचे चेहरे दिसून नाही राहिले!" तेव्हा दोघं-तिघं टेकले. साहेबांनी पुढचं वाक्य उच्चारलं की पुन्हा उभे. तो सगळा दिवस साहेब पोटांशी बोलले.

दुसरी अडचण आवाजाची. इकडचा शब्द तिकडं क्षणभर उशिरा पोचायचा, त्यामुळं दोघं एकदमच बोलायचे आणि एकदमच थांबायचे. मी तोडगा काढला की बोलून झालं की 'झालं' म्हणायचं, मग समोरच्यानं सुरू करायचं. तर एक म्हातारे बाबाजी आपली तक्रार नीट मांडून, "झालं जी," म्हणून नमस्कार करून सरळ घरी निघून गेले. साहेब उत्तर द्यायला लागले तेव्हा समोर रिकामी भिंत. बिसेन भाऊ त्यांना बसस्टँडवरून सायकलवर बसवून परत घेऊन आले.

आणि एक गुरुजी. त्यांच्या शाळेच्या दोन खोल्या मंजूर झाल्या होत्या. पुढच्या सुनावणीला ते साहेबांचा सत्कार करायला आले. लाइन चालू होती, आणि एकाएकी आमचा पडदा पिवळाधमक झाला. काही दिसेना. मी फोन लावला.

"बिसेन भाऊ, काय झालं? नुसतं पिवळं दिसतंय."

"काही नाही मॅडम, गुरुजींनी साहेबांना हार घातला."

"कुठं घातला?"

"टीव्हीला. झेंडूचा आहे, कॅमेऱ्यावरून खाली आला. आता नारळ कुठं ठेवू म्हणून विचारून राहिले."

साहेब टेबलावर डोकं ठेवून हसत होते. टीव्हीतल्या साहेबांना हार घातलेला तिकडून कसा दिसत असेल, ते त्यांना बरोबर कळलं होतं.

हसण्यासारखं पुष्कळ झालं. पण एक गोष्ट अशी झाली की त्यावर मला हसता आलं नाही, आजही येत नाही. सुरुवातीच्याच एका सुनावणीत डोमाजी नावाच्या अर्जदाराचं नाव पुकारलं आणि लाइन तुटली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. साहेबांच्या शेजारी बसलेले एक अधिकारी म्हणाले, "पुढचं घ्या. याला गैरहजर लिहा." इतिवृत्त लिहायला मीच होते. मी लिहिलं. लाइन आली तोवर डोमाजी निघून गेला होता. पुढं मी त्याला पत्र पाठवलं. ते परत आलं, माणूस कामासाठी परमुलखात गेलेला, पत्ता नाही. त्याचा अर्ज कशाचा होता हेही मला धड आठवत नाही, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

त्या सुनावणीच्या संध्याकाळी घरी जेवताना मी हे बाबांना सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"तू बी तेच लिवलं?"

"बाबा, साहेब लोक म्हणाले..."

"तो शिपाई बी असाच म्हणे, साहेबानं सांगतलं म्हणून." मग घास ताटात ठेवून म्हणाले, "पोरी, मले तहान लागली होती. येवढाच माहा गुन्हा होता. याचा तर तेवढा बी नोहोता."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हणाले, "सर, या सुनावणीला नियम पाहिजेत." ते म्हणाले, "मग लिहा. रोज तुम्हीच पाहता, तुम्हालाच माहीत."

शासनाच्या कागदावर मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं उतरवून न काढता स्वतःच्या मनातलं लिहिलं. आठवडाभर लिहीत होते. एकूण अकरा मुद्दे झाले. कोणाचं नाव कधी येणार याचा कागद सकाळीच बाहेर लावावा. बोलणं संपल्यावर 'झालं' म्हणावं, पण उत्तर ऐकल्याशिवाय अर्जदाराला जाऊ देऊ नये. पडद्याला किंवा यंत्राला हार, कुंकू, नारळ वाहू नये. सुनावणीत काय ठरलं ते उठण्याआधी अर्जदाराला त्याला समजेल अशा बोलीत वाचून दाखवावं. आणि पहिलाच मुद्दा असा: कॅमेऱ्यासमोर अर्जदारासाठी खुर्ची ठेवावी, अर्जदार खुर्चीवर बसल्याशिवाय सुनावणी सुरू झाली असे समजू नये.

सातवा मुद्दा डोमाजीचा होता. लाइन तुटल्यास अर्जदारास गैरहजर धरू नये.

मसुद्यावर बैठक झाली. खुर्चीच्या मुद्द्यावर कोणी बोललं नाही. खुर्चीच ती, कोणाचं काय जातं? पण सातव्या मुद्द्यावर बांधकामाचे एक अधिकारी अडून बसले. "सर, असा नियम केला तर प्रत्येक जण लाइनचं कारण सांगेल. आपल्याकडं लाइन तुटत नाही असा दिवस असतो का?" बोलण्यात अगदीच चूक नव्हती. साहेबांनी सातव्या मुद्द्यापुढं पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं. म्हणाले, "बाकीचं दोन महिने चालवून पाहू, मग सही करतो."

दुसऱ्या महिन्यात सगुणाबाईंची सुनावणी आली.

सगुणाबाईंचं गाव नाल्यापल्याड. शाळा अलीकडं. पाऊस लागला की नाला छातीपर्यंत चढतो आणि गावच्या पोरींची शाळा दिवाळीपर्यंत बंद होते. त्यांची नात आठवीत होती. आधीच्या वर्षी वर्ग बुडाला, या वर्षीही बुडाला तर तिचं नाव कटणार आणि लग्नाचं बोलणं निघणार, हे ठरलेलं. म्हणून म्हातारीनं नाल्यावर पूल मागितला होता. गावाच्या वतीनं अर्जावर अंगठा तिचा. बांधकाम विभागाचं उत्तर आलं होतं की वर्दळीची मोजणी केली, पावसाळ्यात या वाटेनं कोणीही ये-जा करत नाही, सबब पुलाची गरज दिसून येत नाही.

मागच्या दोन सुनावण्यांना सगुणाबाई गैरहजर होत्या. कारण नाला. तिसऱ्यांदा गैरहजर राहिलं की अर्ज कायमचा निकाली, अशी रीत होती. त्या रजिस्टरातल्या दोन नोंदी पाहून मी तारखेची वाट पाहत बसले नाही. आदल्या दिवशी बिसेन भाऊंना फोन केला.

"म्हातारी येईल का हो?"

"आली ना मॅडम! चार रोज झाले. आभाळ भरलेलं पाहून तवाच निघाली. इथं बहिणीच्या घरी येऊन राहिली. रोज सकाळी मले विचारते, आज हाय का?"

सुनावणीच्या दिवशी पाऊस कोसळत होता. सगुणाबाईंचं नाव पुकारलं. पडद्यावर एक लुगड्याचं पोट दिसलं आणि बिसेन भाऊंचा हात खुर्ची पुढं सरकवताना दिसला.

"बसा माय."

"नाई जी. साहेबाच्या म्होरं मी कायले बसू?"

"साहेबच म्हणून राहिले बसा म्हणून."

"थे म्हणतीन बाप्पा, थे मोठे मानूस हायेत. आपल्याले समजाले पायजे."

"अवं माय, नियम आहे!"

"मले खुर्चीत बसवून अर्ज फेकाचा नियम हाय का? तुमी उभ्यानंच आयका."

साहेब हसत म्हणाले, "आजी, बसा हो." तेवढ्यात पडदा काळा झाला.

फोन केला. तिकडची वीज गेली होती आणि इन्व्हर्टरची बॅटरी बसली होती. पाच मिनिटं झाली. दहा झाली. साहेबांनी दुसऱ्या तहसीलचे दोन अर्ज घेतले. ते संपले. बांधकामाच्या अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "सर, ही तिसरी वेळ आहे. नाव पुकारलं, अर्जदार समोर नाही. निकाली काढावं. सातवा मुद्दा तर आपण घेतलेला नाही."

माझ्या हातात पेन होतं, समोर तोच रकाना होता.

लिपिकानं बैठकीत बोलायचं नसतं. बारा-पंधरा अधिकारी बसलेले असतात, आपण कोपऱ्यात खाली मान घालून लिहायचं असतं. मी उठून उभी राहिले.

"सर, अर्जदार गैरहजर नाही. सुनावणी सुरूच झालेली नाही."

"म्हणजे?" अधिकारी म्हणाले. "नाव पुकारलं ना!"

"पुकारलं सर. पण बाई बसली नव्हती. पहिला मुद्दा. अर्जदार खुर्चीवर बसल्याशिवाय सुनावणी सुरू झाली असं समजू नये. तो तर आपण घेतलाय."

साहेबांनी मसुदा मागवला, पहिला मुद्दा वाचला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"हे तुम्ही मुद्दाम लिहून ठेवलं होतं का?"

"नाही सर. पोटं दिसत होती म्हणून लिहिलं."

सगळे हसले. साहेब म्हणाले, "म्हातारीला आम्ही सगळे मिळून बसवू शकलो नाही, आणि तेच तिच्या कामी आलं. थांबू आपण. चहा मागवा."

तिकडं काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. तहसीलच्या आवारात एक ट्रॅक्टर उभा होता. त्याचा मालक आपल्याच सुनावणीसाठी आला होता. बिसेन भाऊ त्याला म्हणाले, "पटेल, तुमच्या ट्रॅक्टरची बॅटरी द्या." तो म्हणाला, "आणि मी घरी कसा जाऊ?" बिसेन भाऊ म्हणाले, "लाइन नाही आली तर तुमी बी गैरहजर." पटेलांनी स्वतःच पान्हा काढला. भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन दोघांनी बॅटरी उतरवली, आत आणली, इन्व्हर्टरला जोडली.

पडदा उजळला. आणि काय पाहते, सगुणाबाई खुर्चीवर बसलेल्या. ताठ, दोन्ही हात मांडीवर, डोईवर पदर नीट. पहिल्यांदा त्यांचा चेहरा दिसला.

"आजी, बसलात?" साहेबांनी विचारलं.

"लाइट गेली तवा अंधार झाला जी. कोनाले दिसत नोहोतं, म्हनून जराशी टेकली." त्या उठायला लागल्या.

"उठू नका!" आम्ही इकडून सगळे एकदम ओरडलो. बांधकामाचे अधिकारीसुद्धा.

मी इतिवृत्तात वेळ टाकली आणि लिहिलं: अर्जदार हजर. सुनावणी सुरू.

साहेबांनी विभागाचा अहवाल वाचून दाखवला. पावसाळ्यात त्या वाटेनं कोणी जात नाही.

"बरोबर हाय जी," सगुणाबाई म्हणाल्या.

आम्ही चमकलो. म्हातारी आपलाच अर्ज बुडवते की काय?

"पानी छातीवर असल्यावर कोन जाईन जी? म्हनून तं पूल मांगतो. तुमचा मोजनारा मानूस आला होता, मी पाह्यला. इकडच्या काठावर छत्री घेऊन दिवसभर बसला. मी पल्याडून हाका मारल्या, ये रे बाबू, गावात ये, मानसं मोज, पोरी मोज. तो नाई आला. मी म्हनतो, रस्ता बरा हाय तं तो काऊन नाई आला?" आणि मग शिकवल्याप्रमाणं, "झालं जी."

पहिल्यांदा कोण हसलं असेल, तर ते बांधकामाचे अधिकारी. मन मोकळं करून हसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "सर, मोजणी चुकलीच आमची. पाणी उतरलं की मी स्वतः जातो. पल्याड जाऊन मोजतो." मनानं वाईट माणूस नव्हता तो. त्यांच्या विभागाचा अर्जदार त्यांच्यासमोर आजवर कधी असा बसून बोलला नव्हता, एवढंच.

साहेबांनी फेरमोजणीचा आणि पुलाचा प्रस्ताव सादर करण्याचा आदेश दिला. बिसेन भाऊंनी तो सगुणाबाईंना त्यांच्या बोलीत वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचून घेतला. मग विचारलं, "आता उठू का?"

बैठक संपली तेव्हा साहेबांनी माझ्याकडून खोडरबर मागितलं. सातव्या मुद्द्यापुढचं प्रश्नचिन्ह त्यांनी स्वतः पुसलं आणि खाली सही केली. त्या कागदाच्या प्रती सगळ्या तहसीलला गेल्या. एक प्रत मी घरी नेली. बाबांना वाचता येत नाही, म्हणून मी अकराही मुद्दे मोठ्यानं वाचले. सातव्याला त्यांनी मान हलवली. पहिला मात्र पुन्हा वाचायला लावला.

"खरंच खुर्ची देतेत?"

"द्यावीच लागते बाबा. उभा माणूस कॅमेऱ्यात दिसत नाही."

"वा रे मशीन," बाबा म्हणाले, आणि आईला हाक मारून म्हणाले, "आयकलं का वं? आपल्या पोरीनं साहेब लोकायले नियम लावला."

आता मी निवृत्त झाले आहे. तो संच कधीच भंगारात गेला, नवे आले, ते माझ्याहून लहान मुली माझ्याहून चांगले चालवतात. सगुणाबाईंच्या नाल्यावर तिसऱ्या वर्षी पूल झाला. नातीचा एक वर्ग बुडाला तो बुडालाच, पण पूल होईपर्यंतचे पावसाळे आजीच्या बहिणीकडं राहून तिनं शाळा टिकवली, पुढं बारावी केली, आणि तिच्या मागच्या पोरी पावसाळ्यातही शाळेत जातात. डोमाजीचा पत्ता मला लागला नाही.

मी त्या खोलीत होते तोवर प्रत्येक अर्जदार खुर्चीवर बसून बोलला. आणि लाइन तुटली म्हणून एकाही माणसाच्या नावापुढं पुन्हा 'गैरहजर' लिहिलं गेलं नाही.